'एलएनबी उडाला' असं सांगून होणारी लूट

पहिला वळीव कोसळला की डीडी फ्री डिशच्या (दूरदर्शनच्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेच्या) छत्र्या हलतात आणि दुरुस्तीवाल्यांचा हंगाम सुरू होतो. टीव्हीवर 'नो सिग्नल'. माणूस येतो, गच्चीवर चढतो, दोन मिनिटांत खाली येऊन सांगतो, "एलएनबी उडाला, बॉक्सही गेलाय." एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा छोटा डबा; बॉक्स म्हणजे टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स. चांगला एलएनबी त्याच्या पिशवीत जातो आणि दुसऱ्या घरी नवा म्हणून लागतो. वर काहीजण वर्षाचा रिचार्जही मागतात. ही सेवा 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली तेव्हापासून तिला मासिक भाडं नाही. मग रिचार्ज कसला?

त्याला वर पाठवण्याआधी मेनूतलं इन्स्टॉलेशन पान उघडा. तिथे हे आकडे असायला हवेत: उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व; एलएनबी 9750/10600; टीपी (ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरची वाहिनी-वाहक फ्रिक्वेन्सी) 11090, व्हर्टिकल, 29500. खाली सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर एलएनबी बहुधा जिवंत आहे, छत्री सरकली आहे. दोन्ही शून्य असतील तर दोष केबल, कनेक्टर किंवा एलएनबीत. रिमोट मात्र स्वतःच्याच हातात ठेवा, कारण मेनूत एलएनबी पॉवर गुपचूप 'ऑफ' केली तरी दोन्ही पट्ट्या शून्यावर येतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं सगळंच जळलं.

आधी कनेक्टर बघा. बॉक्सचा प्लग काढूनच तो सोडवायचा, केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जात असतात. मधली तार काळी-हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय: केबलचं टोक कापून नवा कनेक्टर लावा. केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

छत्री फिरवायची असेल तर आधी जुन्या जागी पेनने खूण करा. पुण्यातून दिशा उत्तरेपासून सुमारे 132 अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंची (क्षितिजापासून वरचा कोन) सुमारे 59 अंश. ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो) डोळ्यांना त्याहून बरीच उभी दिसते, म्हणून ब्रॅकेटवरचा आकडा पाहा. केसभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सची पट्टी उशिरा हलते. नट आळीपाळीने आवळा. एकच करकचून आवळला की क्वालिटी पुन्हा पडते.

चॅनेल गायब झाले म्हणून "सॉफ्टवेअर टाकतो" सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. चॅनेलच्या जागांचे (स्लॉटचे) ई-लिलाव झाले की यादी बदलते. ऑटो स्कॅन लावा, उरलेले चॅनेल येतात. जे लिलावात बाहेर पडले ते कुणीच आणू शकत नाही. एमपीईजी-4 या नव्या व्हिडिओ पद्धतीचे चॅनेल जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर दिसत नाहीत, एवढं मात्र खरं. ते हवे असतील तरच बॉक्स बदला, आणि तोही छत्री, केबल, एलएनबी जागच्या जागी ठेवून.