कॉमन-गेट की शंट-फीडबॅक?

ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी, प्रकाशाचा करंट करणाऱ्या फोटोडायोडमधून काही मायक्रोअँपिअर येतात. ते टिपून व्होल्टेजमध्ये बदलणारा पहिला टप्पा (ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायर) चुकला, तर पुढे कितीही गेन लावा, हरवलेला सिग्नल परत येत नाही.

कॉमन-गेटचं, म्हणजे सिग्नल ट्रान्झिस्टरच्या गेटऐवजी सोर्सला देण्याचं, आकर्षण मला समजतं. इनपुट रोध साधारण १/जीएम (जीएम म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स: व्होल्टेजच्या बदलामागे ट्रान्झिस्टरचा करंट किती बदलतो), त्यामुळे डायोडचं कपॅसिटन्स फारसं नडत नाही आणि लूपच्या स्थिरतेची चिंताही नाही. पण बायस करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरचा नॉइज थेट सिग्नलमध्येच मिसळतो. त्याचा जीएम १ मिलिसीमेन्स आणि गॅमा (ट्रान्झिस्टरचा नॉइज गुणांक) २/३ धरा: खोलीच्या तापमानाला एकट्याचेच सुमारे ३.३ पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ. वर लोड रेझिस्टरचा वाटा वेगळाच. गेटला मदतनीस अँप्लिफायर जोडणाऱ्या रेग्युलेटेड कॅस्कोडने इनपुट रोध आणखी उतरतो, हा नॉइज मात्र तिथेच राहतो.

शंट-फीडबॅकमध्ये अँप्लिफायरच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत जोडलेला १० किलोओहमचा रेझिस्टर (आरएफ) त्याच एककात जेमतेम १.३ घालतो, शिवाय तो बायस करंट वाहत नाही. लूप गेनमुळे इनपुट रोध आरएफ/(१+ए) होतो (ए म्हणजे अँप्लिफायरचा गेन), म्हणून एवढा मोठा रेझिस्टर परवडतो. किंमत वरच्या फ्रिक्वेन्सीला मोजावी लागते: अँप्लिफायरचा व्होल्टेज नॉइज इनपुट कपॅसिटन्समुळे वाढत जातो. लेआउटमधला प्रत्येक फेम्टोफॅरड इथे जपावा.

संवेदनशीलता हवी असेल तर मी शंट-फीडबॅकच घेईन.