स्लॅबचा हॉल की कवेलूचं घर : गुरुजींच्या स्पीकरची निवड

माझा धंदा साऊंड सर्व्हिसचा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, लागली की होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना माझी मशीन (अ‍ॅम्प्लिफायर), बॉक्स आणि भोंगे जातात. पेंडॉलमधल्या शेवटच्या तट्ट्यावर बसलेल्या बाईला पात्राचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, एवढीच माझी परीक्षा. घरात एकट्याने ऐकायच्या स्पीकरसाठी कोणी लाखांनी पैसे मोजतो, याची मी आतापर्यंत थट्टाच करत आलो. पण आमचे रिटायर गुरुजी दोन वर्षं मागे लागले होते. त्यांना वसंतराव देशपांडे घरात बसवायचे होते. वसंतराव १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, म्हणजे आपलेच, आणि आपल्या माणसाचा आवाज मोबाईलच्या डबीतून ऐकणं गुरुजींना अपमान वाटे.

तर सिझन सुरू व्हायच्या आत आम्ही दोघं वडशाहून गोंदियाला, तिथून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. एका हॉटेलात ऑडिओ शो होता. पलंग बाहेर काढून खोल्याखोल्यांत स्पीकर मांडलेले. खाली जाड गालिचा, खिडक्यांना दुहेरी पडदे. हे आधीच सांगतो, कारण गालिचा आणि पडदे गुरुजींच्या घरी नाहीत. त्यांच्याकडे समोर सपरीचं, म्हणजे ओसरीचं, जुनं घर आहे, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. आणि मागे नवीन स्लॅबचा हॉल : १६ बाय १२, उंची १०, खाली टाइल्स, टाळी वाजवली की घणघणतं. स्पीकर कुठे बसणार हे तेव्हा ठरलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आमच्याकडे पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी होत्या. वसंतरावांचं एक नाट्यपद, गावातल्या प्रार्थनेनंतर मीच रेकॉर्ड केलेलं तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन, आणि नुसता तंबोरा. एका खोलीत आमचा पेनड्राइव्ह लावायला नकार मिळाला. तिथे सकाळपासून एकच बाई गिटारवर गात होती आणि ती प्रत्येक स्पीकरवर छानच वाटत होती. तुम्ही गेलात तर स्वतःचं गाणं न्या. नकार मिळाला तर पुढची खोली.

मोठ्या धेंडांचं थोडक्यात. बोवर्स अँड विल्किन्सचा ८०१ डी४ ऐकला. वरच्या सुरांसाठी हिऱ्याचा घुमट, एका खांबाचं वजन शंभर किलो, म्हणजे धानाचे अडीच कट्टे (पोती). तंबोरा लागला तेव्हा गुरुजींनी डोळे मिटले ते पाच मिनिटं उघडले नाहीत. पण तिथली किंमत एकरात मोजायची. उतरताना लिफ्टमध्ये गुरुजी म्हणाले, "बाबू, हे आपल्यासाठी नाही जी. हे पाहाले आलो होतो, समज."

मॅग्नेपॅनचा एलआरएस प्लस म्हणजे चार फूट उंच, इंचभर जाड पट्टी. गुरुजी म्हणाले, "हे तर ताटी हाय." खोटं नव्हतं. पेटी नाहीच, ताणलेला पातळ पडदा पुढे-मागे दोन्हीकडे आवाज टाकतो. गाणारा माणूस माणसाएवढा उंच दिसतो हे खरं, पण मागे तीनेक फूट मोकळी जागा पाहिजे, दमदार मशीन पाहिजे, आणि खालचा सूर थोडाच. आमच्याकडची धूळ आणि पावसाळ्यातले किडे आठवून मी पुढे सरकलो. जेबीएलचा एल१०० क्लासिक संत्र्याच्या रंगाची फोमची जाळी लावून बसला होता. ढोलक त्याच्यावर फार मजेची वाजते. पण १९७० च्या दशकातल्या मूळ एल१०० च्या जाळीचा पुढे भुगा व्हायचा, आणि फोम म्हटलं की मला आमचा मे महिना दिसतो.

उरले तीन.

पहिला केईएफचा एलएस५० मेटा. केईएफ ही इंग्लंडातल्या मेडस्टोनची कंपनी, रेमंड कुकने १९६१ मध्ये काढलेली. पन्नाशीच्या निमित्ताने २०१२ ला एलएस५० आला आणि २०२० मध्ये त्याचा मेटा. यात ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा घुमट, वेगळा नाही, सव्वापाच इंची कोनच्या पोटातच बसवलाय. त्यामुळे वरचा आणि मधला आवाज एकाच बिंदूतून येतो, आणि बाजूला सरकून बसलात तरी गाणारा जागेवरून हलत नाही. ट्विटरच्या मागे चक्रव्यूहासारखी एक चकती आहे. घुमटाच्या मागून निघणारा नको तो आवाज ९९ टक्के गिळते असं कंपनी सांगते. मला कानाने एवढंच कळलं की वसंतरावांच्या तानेत कुठेही कचकच नाही, प्रत्येक दाणा सुटा. तक्रार एकच. हा सगळं दाखवतो. गुरुजींची रेकॉर्डिंग जुनी आहेत, त्यांतला खरखराट, टाळ्या, माईकजवळचा श्वास, सगळं पुढ्यात येतं. मला ते आवडलं. गुरुजी कानाला हात लावून बसले होते.

दुसरा हार्बेथचा पी३ईएसआर. ही डडली हारवूडची १९७७ ची कंपनी. हारवूड आणि बायको एलिझाबेथ, दोघांची नावं जोडून हार्बेथ. बायकोचं नाव दुकानाला देणारे आपल्याकडेही पुष्कळ, पण निम्मं निम्मं करणारा हा पहिलाच. हारवूड बीबीसीत इंजिनिअर होते. बीबीसीला बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत मावेल असा छोटा स्पीकर हवा होता, त्यातून एलएस३/५ए निघाला, आणि त्यात ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे कोन आणि घुमट, केईएफचे होते. म्हणजे हे दोघे एका घरातले चुलत भाऊ. पी३ त्या जुन्या डबीचाच वारसदार. बीबीसीची परीक्षा माझ्या पेंडॉलसारखीच : माणसाचं बोलणं माणसासारखं ऐकू आलं पाहिजे. तसंच येतं. वसंतरावांनी पदाच्या आधी दोन वाक्यं बोलली आहेत, ती इथे ऐकली आणि गुरुजी हसले, जणू ओळखीचा माणूस दारात आला. ताना केईएफइतक्या सुट्या नाहीत, जुन्या रेकॉर्डिंगवर मात्र हा माया करतो.

तिसरा क्लिप्शचा हेरसी. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये अमेरिकेतल्या होप नावाच्या गावात धंदा सुरू केला. त्याचा मोठा स्पीकर घराच्या कोपऱ्यात बसायचा, कोपऱ्याच्या भिंतीच भोंग्याचा पुढचा भाग व्हायच्या. १९५७ मध्ये त्याने कोपरा न लागणारी छोटी पेटी काढली तेव्हा कोणीतरी म्हणालं, हे तर पाखंड. पाखंडाला इंग्रजीत हेरसी म्हणतात, त्याने तेच नाव ठेवलं. आताच्या हेरसी ४ मध्ये खालच्या सुरांसाठी बारा इंची वूफर आहे, मधल्या आणि वरच्या आवाजाला दोन भोंगे. भोंगे! मला तर घरी आल्यासारखं वाटलं. खंजिरी भजन लावलं आणि पहिल्या थापेला शेजारच्या खोलीतला माणूस डोकावला. थाप आणि झांज, दोन्हींचा फटका जिथे बसायचा तिथेच बसतो. बाकीच्या दोन डब्यांत खंजिरी नुसती वाजते. वसंतरावांचा आवाज मात्र थोडा पुढे येऊन, सभागृहात गायल्यासारखा येतो.

आता आकडा एकच लक्षात ठेवा, संवेदनशीलता. एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल. हेरसी ९९, केईएफ ८५, हार्बेथ ८३ च्या थोडा वर. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट होतात. म्हणजे हेरसीला एक वॅट लागतो तिथे केईएफला पंचवीस लागणार, हार्बेथला ३५ च्या घरात. शहरात याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्याकडे रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं आणि लाइन गेली की इन्व्हर्टर. हेरसी दहा वॅटच्या मशीनवर, इन्व्हर्टरवर रात्रभर गाईल. दोन्ही डब्यांना चांगलं ५०-६० वॅटचं मशीन घ्या, सोबत स्टॅबिलायझर. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, नाहीतर मधे एक भुंगा गुणगुणत राहतो.

एवढ्यावर मी हेरसीच म्हटला असता. मग हॉलचं गणित केलं.

बंद खोलीत काही खालचे सूर भिंतीभिंतींमध्ये अडकून फुगतात. खोली जितकी लांब, तितका तो सूर खालचा. १६ फुटांत पहिला सूर ३५ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीवर दुसरा, म्हणजे ७०. पुरुष गवय्याने काळी एकवर तंबोरा लावला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झवर वाजते. आता कळलं? गुरुजींच्या हॉलमध्ये तंबोऱ्याची चौथी तार छेडली की अख्खा हॉल तीच तार धरून बसणार. (मे महिन्यात ४५ अंशाला आवाजाचा वेग वाढतो, तेव्हा हा आकडा ७३ वर सरकतो. तंबोरा मात्र जिथल्या तिथे. म्हणून थंडीत जास्त घुमतो.) हेरसी ४८ हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने जातो, तो या फुगाऱ्यात तेल ओततो. केईएफ ७९ पाशी, हार्बेथ ७५ पाशी ओसरायला लागतो. कागदावर जी कमी दिसते, ती या हॉलमध्ये सोय आहे. खर्जाच्या तारेचे वरचे सूर दोघांतही नीट येतात, कान बाकीचं भरून घेतो.

कवेलूच्या घरात उलटं. मातीची भिंत, लाकडी आढं, कवेलूंमधल्या फटी; खालचा आवाज अडकतच नाही, सरळ बाहेर निघून जातो. तिथे छोटी डबी उपाशी वाटेल आणि हेरसी पोटभर जेवलेला. सपरीत वीस माणसं बसणार असतील तर दुसरा विचारच करू नका.

कंपन्यांच्या कागदांवर नसलेली एक गोष्ट आहे. केईएफ आणि हेरसी ४ या दोघांच्या पाठीला हवेचं भोक आहे. आमच्याकडे कुंभारीण माशी असल्या भोकात पावसाळ्यात मातीचं घर बांधते; माझ्या दोन बॉक्सची भोकं तिने लिंपून बंद केली होती, आणि मी महिनाभर मशीनला दोष देत होतो. बारीक जाळी लावा. उंदरांचं वायरी कुरतडणं वेगळंच. हार्बेथ सगळीकडून बंद, त्याला ही कटकट नाही. भोक भिंतीपासून दीड-दोन फूट दूरही पाहिजे. जागा नसेल तर भोकात मोज्याचा सैल बोळा घाला, घुमणं कमी होतं.

किंमतीचा अंदाज हवा तर तिघांत केईएफ स्वस्त, चांगल्या मोटरसायकलच्या मापाचा. हार्बेथ त्याच्या वर आणि हेरसी त्याहून वर, जुना ट्रॅक्टर येईल असा. दोन्ही डब्यांना वर स्टँडचा खर्च, हेरसी तिरक्या पाटावर जमिनीवरच बसतो. लहान पोरं धावणाऱ्या घरात ही बाब छोटी नाही. स्टँडवरची डबी पहिल्या आठवड्यात खाली येते.

माझं मत मी गाडीतच दिलं. एकटे, रात्री, हॉलमध्ये, जुनी रेकॉर्डिंग : हार्बेथ. नवीन रेकॉर्डिंग जास्त ऐकणार, आवाजाची चिरफाड आवडते : केईएफ. कवेलूच्या घरात किंवा सपरीत, दहा जणांसोबत, भजन आणि नाट्यपद : हेरसी, डोळे मिटून. गुरुजींनी भुसावळपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् दोन्ही घरांत ऐकाचं असल तं?" मी म्हटलं, "तं पेन्शन दुप्पट करा जी."

हार्बेथ जवळजवळ ठरला होता. पण काल मी माझा मंचावरचा बारा इंची बॉक्स घेऊन त्यांच्या हॉलमध्ये गेलो, म्हटलं ७० चा सूर सोडून प्रत्यक्ष पाहावं. दार उघडलं तर दोन कोपऱ्यांत आढ्यापर्यंत धानाचे कट्टे. मळणी झाली, भाव नाही, म्हणून काकूंनी हॉलमध्येच रचून ठेवले. सूर सोडला. घुमला, पण मला भीती होती त्याच्या निम्मा. टाळी वाजवली, घणघणाट गायब. मुंबईच्या खोलीत लाखाचे गालिचे होते, इथे तेच काम धान करत होतं. असाच हॉल राहिला तर हेरसीही चालेल.

गुरुजींनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "कट्टे कधी काढतेस वो?"

"भाव आला का," काकू आतूनच म्हणाल्या.

ऑर्डर तोवर थांबली आहे. कट्टे गेले की मी बॉक्स घेऊन परत जाणार आहे.