‘काउच टू फाइव्ह के’ : नऊ आठवड्यांचा आराखडा बडोद्यात कितपत चालतो?

नव्याने पळायला लागणाऱ्याला बहुतेक जण ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर पळण्यापर्यंतचा, हाच आराखडा सुचवतात, आणि ते योग्यच आहे. जॉश क्लार्क यांनी तो १९९६ मध्ये तयार केला; पुढे ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, त्याचं ॲप काढलं. पैसे पडत नाहीत, खरं तर ॲपचीही गरज नाही, फोनमधला टायमर पुरतो. आठवड्यातून तीन दिवस पळायचं, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं झपझप चालणं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असे ८ फेरे. नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं.

नावाला मात्र भुलू नका. ३० मिनिटांत ५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं. किलोमीटरला ८ मिनिटं घेणाऱ्या नवख्याचे पावणेचारच होतात, आणि त्यात काही बिघडत नाही. अंतर गाठायच्या नादात वेग वाढवला की बिघडतं. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. नुसत्या ‘हं’, ‘हो’वर आलात तर वेग कमी करा.

बरेच जण गळतात ते पाचव्या आठवड्यात. पहिल्या दिवशी ५ मिनिटांचे तीन टप्पे, दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं! दमाच्या बाजूने ही उडी दिसते तेवढी अवघड नाही. हळू पळालात तर निभते. कुरकुरते ती नडगी. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडांना आणि स्नायूबंधांना महिने लागतात. त्यामुळे छाती साथ देते आणि नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. तिथे बोटाने दाबून पाहा. दुखणं चार-पाच बोटं लांबीभर पसरलेलं असेल तर पळणं थोडे दिवस कमी करा, पावलं आखूड टाका आणि आदला आठवडा पुन्हा करा. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडांचे डॉक्टर गाठा. मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या दिवशी आखडतात ते वेगळं. ते दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं, आणि त्यावर साधं चालणं हाच उत्तम उपाय.

सुट्टीच्या दिवसांबद्दल हा आराखडा जवळजवळ गप्प आहे, म्हणून आम्ही पाचपैकी एक गुण कापला. त्या दिवशी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा, कठडा धरा, टाचा सावकाश उचला आणि त्याहून सावकाश खाली न्या. १२-१२चे दोन संच पुरेत. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण ३० सेकंद, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात आणि गुडघा वाकवल्याशिवाय आतल्याला नीट ताण बसत नाही. अर्ध्या तासाच्या पळण्याला पाणी पुरतं, महागड्या पेयांची चैन नको. घामाने निथळलात तर मीठ घातलेली छास घ्या. पळून थेट सेव-उसळ गाठणाऱ्यांना दोष देणार नाही, वाटाण्यात प्रथिनं आहेतच. शेव आणि तर्री तेवढी बेताने.

आराखड्याला आपलं हवामान आणि सणवार ठाऊक नाहीत. मे महिन्यात उकाड्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, त्याच वेगाला नाडी जास्त धावते. तेव्हा उजाडतानाच पळा आणि चालण्याच्या प्रत्येक टप्प्यात ३० सेकंद वाढवा. नवरात्रात तर पुढचा आठवडा चढूच नका. रात्री दोन-तीन तास गरबा म्हणजे पोटऱ्यांना पळण्याइतकाच मार, बहुतेकांचा अनवाणी, वर जागरण. त्या नऊ दिवसांत दोनदा सावकाश चालून या, बस्स. उत्तरायणाच्या आसपास रस्त्यावर पडलेल्या मांजात पाय अडकतो; नजर खाली असू द्या.

जागेचं म्हणाल तर दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्यांना कमाटीबाग सोयीची. वाहनांची कटकट नाही. पण सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा कडेने पळा. नडगी कुरकुरत असेल तर काँक्रीट टाळून मातीवर या, फक्त खड्ड्यांत घोटा मुरगळू देऊ नका.

एकंदर पाचपैकी चार. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी दिवाळी आटोपली की सुरू करावं: हवा थंड, गरबा मागे पडलेला, आणि एखाद-दोन आठवडे पुन्हा करावे लागले तरी उन्हाळ्याआधी ३० मिनिटं पूर्ण होतात.