कॉलेज फुटबॉल २५ घ्यावा की २६? टेक्सासच्या दोन क्वार्टरबॅकवरून माझा रिव्ह्यू

ईए स्पोर्ट्सच्या कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) या व्हिडिओ गेमचे २५ आणि २६ असे दोन्ही भाग माझ्याकडे आहेत आणि दोन्हीत मी जवळजवळ कायम टेक्सास युनिव्हर्सिटीची टीम, टेक्सास लाँगहॉर्न्सच घेऊन खेळतो, त्यामुळे इथे ग्राफिक्स कसे, मेनू कसा असलं काही नाहीये. मला एकच गोष्ट बघायची होती, की टेक्सासचा आधीचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, टीमचा खेळ चालवणारा) क्विन यूअर्स आणि आत्ताचा आर्च मॅनिंग हे दोघं कंट्रोलर हातात घेतल्यावर खरंच वेगळे वाटतात का, आणि वाटत असतील तर मैदानावर जसे वेगळे दिसले तसेच वाटतात का. वेगळे तर नक्कीच वाटतात. पण आर्च जेवढा पटतो तेवढा यूअर्स पटत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं, कारण माझ्या मते या दोघांत ज्याच्यावर जास्त अन्याय झालाय तो यूअर्सच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. या सिरीजचा आधीचा गेम २०१३ ला आला होता आणि मग थेट जुलै २०२४ मध्ये २५ आला. मधली अकरा वर्षं काहीच नाही, कारण कॉलेजच्या पोरांचा चेहरामोहरा वापरायचा पण त्यांना एक पैसा द्यायचा नाही यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. नियम बदलले, पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, मग २५ मध्ये प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी देऊन त्यांची खरी नावं घेतली. कव्हरवर तिघं, मिशिगनचा डॉनोव्हन एडवर्ड्स, कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर आणि आपला यूअर्स. आर्चने मात्र आधी नाही म्हणून सांगितलं होतं, तो गेममध्ये आला ऑगस्टमध्ये. म्हणजे २५ मध्ये हे दोघं एकाच टीममध्ये, एकाच लाईनच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या) मागे, त्याच रिसीव्हर्सना (पास पकडणाऱ्यांना) बॉल टाकताना मिळतात. २६ मध्ये यूअर्स नाहीच, तो तोवर प्रो झाला होता. तुलना करायची असेल तर हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यूअर्स. २५ मध्ये पास टाकायची पद्धत अशी आहे की बटण किती वेळ दाबून ठेवलं यावर बॉलचा जोर ठरतो आणि कुठे सोडलं यावर अचूकपणा, वर एक छोटा मीटर दिसतो. यूअर्स घेतला की पहिल्या दोन-चार प्लेमध्येच कळतं की याच्याबरोबर छोटे, झटपट पास टाकायचे. स्नॅप झाला, म्हणजे बॉल हातात आला, एक पाऊल मागे, बॉल गेला पण. स्क्रीन पास, स्लँट, आरपीओ (पळायचं की पास टाकायचा हे ऐनवेळी ठरवायचा प्ले), असं सगळं टाकत टाकत आठ-आठ दहा-दहा यार्ड करत जायचं आणि समोरचा डिफेन्स पुढे सरकला की मग एखादा लांबचा. हे अगदी खऱ्या यूअर्ससारखं आहे. खऱ्या यूअर्सचा हात बघितला असेल तर त्याचा बॉल कानाजवळून वरून येत नाही, तो बाजूने, खांद्याच्या खालून फिरवल्यासारखा सोडतो, मनगटावर, आणि पायांची मांडणी नीट झालेली नसली तरी बॉल जायचा तिथेच जातो. चांगल्या दिवशी ते बघायला फार सुंदर असायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये अलाबामाच्या घरी टस्कलूसात जाऊन ३४-२४ ने मारलं तेव्हा त्याने ३४९ यार्ड आणि ३ टचडाऊन (बॉल गोल लाईनपलीकडे पोचला की होतो तो स्कोअर) टाकले होते, आणि त्याच सीझनला बिग १२ या लीगच्या फायनलमध्ये ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध ४५२ यार्ड. हे आठवलं की लोकं त्याला "मॅनेजर टाईप क्वार्टरबॅक" (स्वतः काही न करता नुसती मॅच सांभाळणारा) का म्हणतात तेच मला समजत नाही.

पण यूअर्सची खरी अडचण पॉकेटमध्ये (लाईनच्या मागे, पास टाकायला उभं राहतात त्या जागेत) होती, आणि गेममध्ये नेमकी तीच नीट आलेली नाही. लाईन तुटायला लागली, बाजूने कोणी आत घुसलं की खरा यूअर्स थोडा मागे-मागे सरकायचा. २०२४ मध्ये आधी पोटाच्या बाजूचा स्नायू, मग घोटा, अशा दुखापती घेऊन खेळत होता, त्यात मुळातच पळणारा नाही. सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १० जानेवारी २०२५ ची कॉटन बोल, ओहायो स्टेटविरुद्ध प्लेऑफची सेमीफायनल. टेक्सास ७ ने मागे, शेवटची काही मिनिटं, बॉल गोल लाईनपासून एक यार्डावर. तिथे एक बाहेरून पळण्याचा प्ले टाकला आणि सात यार्ड मागे गेले, आणि बघता बघता चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, ८ यार्ड बाकी. यूअर्स मागे गेला, जॅक सॉयर कडेने आला, बॉल सुटला, सॉयरनेच उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाऊन. २८-१४, संपलं. आणि हा सॉयर म्हणजे यूअर्स ओहायो स्टेटला होता तेव्हाचा त्याचा रूममेट! मी तो प्ले परत परत बघितलाय. त्यात मला यूअर्सपेक्षा आधीचा तो बाहेर पळण्याचा प्ले जास्त खटकतो, एक यार्ड हवा असताना बाजूला कशाला जायचं, पण फोटो राहिला यूअर्सचा, खाली पडलेला.

गेममध्ये हाच प्रसंग मी मुद्दाम जुळवून बघतो, गोल लाईन, चौथा डाऊन, यूअर्स. होतं काय, की तुमचा अंगठा जेवढा शांत तेवढा यूअर्स शांत. तुम्ही घाबरला नाहीत तर तोही घाबरत नाही. खेळाडूच्या मनात प्रेशर येतं हे दाखवायची सोय गेममध्ये आहे, पण ती लागू होते मुख्यतः नवख्या पोरांना परक्या मैदानावर, आणि यूअर्स तर अनुभवी. त्यामुळे २५ मधला यूअर्स हा त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा यूअर्स आहे, आणि खेळायला मजा येते पण खरा वाटतो का, तर पूर्ण नाही.

आर्चचं उलट आहे. आर्च घेतला की पहिला अर्धा तास तुम्ही पास टाकायलाच विसरता. आडनाव मॅनिंग, आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, त्यामुळे डोक्यात असतं की पॉकेटमध्ये उभं राहून टाकणारा असेल. तसा तो नाहीच. सव्वासहा फुटांच्या वर उंची आणि वर पाय आहेत! खऱ्या मैदानावर हे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये यूटीएसए या कॉलेज टीमविरुद्धच्या मॅचला. यूअर्स दुखावून बाहेर गेला, आर्च आत आला, पहिलाच पास टचडाऊन, आणि त्याच्यानंतर ६७ यार्ड स्वतः पळत गेला, एकदम मधून फाटा मारून, मागचे बघतच राहिले. त्या दिवशी टीव्हीसमोर मी उभाच राहिलो होतो.

गेममध्ये हे पळणं फार छान उतरलंय. रीड ऑप्शन टाका, कडेचा डिफेंडर रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) झुकला की बॉल स्वतःकडे ठेवा, पहिलं पाऊल जरा जड पडतं, उंच माणसाचं पडतं तसं, पण एकदा मोकळी जागा मिळाली की लांब ढांगा टाकत तो जो सुटतो ते बघण्यासारखं आहे. फक्त स्लाईड करायला, म्हणजे मार बसायच्या आधी स्वतःच खाली घसरायला शिका. गेममध्ये शरीराच्या एकेका भागावर किती मार बसलाय ते साठत जातं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल होतं, आणि मी सुरुवातीला आर्चला रनिंग बॅकसारखा वापरायचो तेव्हा चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याचा खांदा गेलेला असायचा आणि पास कुठेच्या कुठे. खऱ्या आयुष्यात पण हेच. २०२५ मध्ये मिसिसिपी स्टेटविरुद्ध ३८-२१ ने मागे पडलेली मॅच त्याने ओव्हरटाईमपर्यंत आणली आणि तिथे पहिल्याच प्लेला डोक्याला मार बसून बाहेर गेला, जिंकायचा पास दुसऱ्याने टाकला. ४५-३८. त्यामुळे गेममधली ही मार साठण्याची गोष्ट मला अजिबात कटकट वाटत नाही.

मैदानाचा आवाज ही या गेमची सगळ्यात भारी गोष्ट, दोन्ही भागांत. परक्या मैदानावर महत्त्वाच्या डाऊनला प्रेक्षक पेटले की स्क्रीन हलायला लागते, रिसीव्हर कुठे पळणार त्याच्या रेषा थरथरतात, वाकड्यातिकड्या होतात, आणि क्वार्टरबॅक जेवढा कच्चा तेवढा त्रास जास्त. आर्चला घेऊन ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसला खेळून बघा. ३० ऑगस्ट २०२५ ला खऱ्या मॅचमध्ये नेमकं हेच झालं, एक लाखाच्या वर माणसं, सीझनचा पहिलाच सामना, आर्चचे ३० पैकी १७ पास, १७० यार्ड, एक टचडाऊन, एक इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास), १४-७ ने हरलो. त्या मॅचमध्ये त्याचे पाय बघा, बॉल टाकताना पुढचा पाय भलतीकडे, हात खाली, त्यामुळे साधे पाच यार्डाचे पास पण रिसीव्हरच्या गुडघ्यात जात होते. गेममध्ये अंगठा चुकला की अगदी तसाच पास जातो. हे बनवणाऱ्यांनी मनापासून बनवलंय, त्यांचं कौतुक करायलाच हवं.

आता लोकं जिथे भांडतात तो मुद्दा. यूअर्सने टेक्साससाठी ३६ मॅच सुरू केल्या, २७ जिंकल्या, ९,१२८ यार्ड, ६८ टचडाऊन, लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफची सेमीफायनल. आर्चने पहिल्या पूर्ण सीझनमध्ये फ्लोरिडाकडून हार, जॉर्जियाकडून ३५-१० ची मोठी हार, प्लेऑफ हुकलं. म्हणून आर्च कमी? असं कागदावरून ठरवणं मला पटत नाही. यूअर्ससमोर २०२४ मध्ये जी लाईन होती त्यातले पाचपैकी चार जण २०२५ ला नव्हतेच, केल्विन बँक्स तर ड्राफ्टमध्ये (प्रो टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) नवव्या नंबरला गेला, रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन पण पहिल्या राऊंडला गेला. म्हणजे आर्चला घर मिळालं ते भिंती नसलेलं. आणि तरीही सीझन जसा पुढे गेला तसा तो सुधारत गेला हे डोळ्यांनी दिसत होतं. आर्कन्सासविरुद्ध त्याने एकाच मॅचमध्ये टचडाऊन टाकला, पळून केला आणि पकडला पण. मग टेक्सास ए अँड एमला हरवलं, आणि ३१ डिसेंबरला सिट्रस बोलमध्ये मिशिगनविरुद्ध १५० च्या वर यार्ड नुसते पळून. ४१-२७.

पण उलटीकडून बघा ना. ऑक्टोबर २०२४, ऑस्टिनमध्ये जॉर्जिया, यूअर्सला पहिल्या हाफमध्येच बसवलं आणि आर्चला आणलं, घरचं मैदान आर्चसाठी ओरडत होतं. दुसऱ्या हाफला यूअर्स परत आला. मॅच हरलो ३०-१५, पण त्यानंतर तो माणूस एक शब्द वाकडा न बोलता टीमला सेमीफायनलपर्यंत घेऊन गेला. ॲरिझोना स्टेटविरुद्ध पीच बोलमध्ये ओव्हरटाईममध्ये चौथा डाऊन, १३ यार्ड हवेत, समोरून ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त डिफेंडर अंगावर) येतोय, आणि त्याने गोल्डनला २८ यार्डांचा टचडाऊन टाकला. ज्याला पॉकेटमध्ये भीती वाटते असं म्हणतात त्याचा पास होता हा! आणि ड्राफ्टमध्ये गेला कुठे, तर सातव्या राऊंडला, मायामीच्या प्रो टीमकडे. मला आजही हे पटलेलं नाही.

म्हणूनच तुलना करायची तर २५ वरच करा असं माझं म्हणणं आहे. तिथे लाईन तीच, रिसीव्हर तेच, बदलतो फक्त क्वार्टरबॅक. एकाच टीमविरुद्ध, एकाच प्लेबुकने, आधी यूअर्स मग आर्च असं खेळून बघा. माझा अनुभव असा की यूअर्सबरोबर ड्राईव्ह (बॉल आपल्याकडे असतानाची सलग चढाई) लांब चालतात, पंट (लाथ मारून बॉल समोरच्यांना देणं) कमी होतात, मॅच हातात राहते. आर्चबरोबर दोन ड्राईव्ह फुकट जातात आणि तिसऱ्याला साठ यार्डांचा टचडाऊन येतो. जिंकायचंच आहे तर मी यूअर्स घेईन. खेळायची मजा म्हणाल तर आर्च, त्यात वादच नाही.

२६ मध्ये बाकी सुधारणा चांगल्या आहेत. खरे कोच आलेत, त्यामुळे साईडलाईनवर टेक्सासचा कोच सार्किसियन दिसतो, आणि रोड टू ग्लोरीमध्ये (एकाच खेळाडूचं करिअर खेळायचा मोड) हायस्कूलपासून सुरुवात करता येते. डायनॅस्टी मोड (एक टीम वर्षानुवर्षं चालवायची) दोन्हीत आहे आणि वेळ खाणारा आहे, रात्री अकराला बसलात तर दोन कधी वाजले कळत नाही.

कोणी काय घ्यावं? फक्त आर्चसाठी घ्यायचा असेल, ऑनलाईन मित्रांबरोबर खेळायचं असेल तर २६, कारण गर्दी नव्याकडे जाते. यूअर्स आवडत असेल, किंवा माझ्यासारखं दोघांना शेजारी ठेवून बघायचं असेल तर २५, आणि तो आता जुना झाल्यामुळे बराच स्वस्तात मिळून जातो, नवीन असताना ७० डॉलरचा होता. दोन्ही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर चालतात, पीसीवाल्यांनी हे आधी बघून घ्या. २५ ला माझे पाचपैकी साडेचार, २६ ला चार.

आणि घेतलात तर लेव्हल लगेच हाइझमनवर (सगळ्यात अवघड) टाकू नका, वर्सिटीवर (सोप्या लेव्हलवर) पासचा मीटर अंगठ्यात बसू द्या, यूअर्सचे छोटे पास जमले की मग त्याच्या वरच्या ऑल अमेरिकनवर आर्चला घेऊन कोलंबसला जा.