पुण्याला पाठवायचं, मोबाइलवर शिकवायचं की टेबल बदलायचं?

सोलापूर जिल्ह्यात एखादी तहसील कचेरी, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेतला विभाग नव्याने ताब्यात आला, की पहिल्या महिन्यातच चित्र समजतं. मंजूर पदांपेक्षा माणसं कमी. त्यातली काही निवृत्तीला टेकलेली, काही स्पर्धा परीक्षा देऊन परवाच हजर झालेली. जुन्यांना नियम तोंडपाठ, पण ई-ऑफिसचं, म्हणजे संगणकावरच्या फाइलींचं, नाव काढलं की कपाळावर आठी. नव्यांची बोटं कीबोर्डवर झरझर चालतात, पण फाइलवरची टिपणी लिहायला बसवलं की पहिल्या वाक्यालाच अडतात.

यांना तयार करायचे तीन रस्ते आहेत: पुण्यातल्या यशदा संस्थेच्या प्रशिक्षणाला पाठवणं, आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन दालनावर अभ्यासक्रम करायला लावणं, किंवा कचेरीतच जुन्याच्या शेजारी नव्याला बसवून टेबलं फिरवणं. तिन्ही एकदम जमत नाहीत, कारण तिन्हींना लागणारा वेळ त्याच मोजक्या माणसांचा असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. लिपिक वर्गासाठी तिसरा रस्ता सर्वांत कामाचा आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि दीपप्रज्वलनाचा फोटोही निघत नाही.

पुण्याचा रस्ता

बाणेर रस्त्यावरची यशदा ही राज्याची शिखर प्रशिक्षण संस्था. तिथे जाण्याचा मोठा फायदा म्हणजे माणूस टेबलापासून तुटतो. फोन वाजला तरी "प्रशिक्षणात आहे" म्हणता येतं. शेजारी सातारा-सांगलीचा माणूस बसलेला असतो आणि आपल्याकडे अडलेलं प्रकरण त्यांच्याकडे कसं सुटलं, हे चहाच्या वेळेत कळतं. तो चहा कधी कधी व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जातो.

तोटाही तितकाच उघड आहे. सोलापूर ते पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तरी पुणे स्टेशनवरून बाणेर गाठेपर्यंत पहिलं सत्र सुरू झालेलं असतं, म्हणजे आदल्या संध्याकाळीच निघायला हवं. एका दिवसाचं प्रशिक्षण अशा रीतीने दोन दिवस खातं. मागे त्याच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार ज्याच्या गळ्यात पडतो, तो फक्त तातडीचं तेवढं हातावेगळं करतो. बाकीचं परतलेल्या माणसाची वाट पाहत पडून राहतं.

पण खरी गडबड निवडीत होते. प्रशिक्षणाचं पत्र आलं की बहुतेक कचेऱ्यांत ज्याच्यावाचून अडत नाही त्याचंच नाव जातं. तो आनंदाने जातो, येताना पिशवी आणि फोल्डर घेऊन येतो, आणि कचेरी होती तिथेच राहते. पाठवायचंच असेल तर ज्याच्या नसण्याने पंचाईत होईल अशाला पाठवा. परतल्यावर त्याने बाकीच्यांना तासभर काय शिकलो ते सांगायचं, ही अट जाण्याआधीच घाला.

यशदाचा रस्ता कोणासाठी? पहिल्यांदाच माणसं हाताळायला लागलेल्यांसाठी: नवे नायब तहसीलदार, सहायक महसूल अधिकारी (पूर्वीचे अव्वल कारकून), विस्तार अधिकारी, सहायक प्रशासन अधिकारी. त्यातही विभागीय चौकशीसारखा विषय वर्गात बसूनच शिकावा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ वाचायला कठीण नाहीत, पण नियम ८ खालची मोठ्या शिक्षेची चौकशी आणि नियम १० खालची किरकोळ शिक्षेची कार्यवाही यांत गल्लत झाली, किंवा दोषारोपपत्रात "कामात हलगर्जी केली" एवढंच मोघम लिहिलं, तर प्रकरण पुढे अपिलात टिकत नाही. दोषी सुटतो आणि सरळ काम करणाऱ्यांचं मन उडतं. खऱ्या प्रकरणांचे कागद समोर ठेवून, चुका दाखवत शिकवणारा माणूस इथे लागतो. व्हिडिओला प्रतिप्रश्न करता येत नाही.

मोबाइलचा रस्ता

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली. त्याच कार्यक्रमाचं ऑनलाइन दालन म्हणजे आयगॉट कर्मयोगी. त्यामागचा विचार चांगला आहे. प्रशिक्षण सेवाज्येष्ठतेनुसार किंवा पदानुसार सरसकट देण्याऐवजी, या खुर्चीवरच्या माणसाला नेमकं काय यायला हवं ते आधी ठरवायचं: वागणुकीतलं, कामाच्या पद्धतीतलं आणि विषयातलं. मग जे कमी आहे तेवढंच शिकवायचं.

सोयीच्या बाबतीत याला तोड नाही. पैसे लागत नाहीत, प्रवास नाही, करमाळ्यातल्या आणि अक्कलकोटातल्या माणसाला सारखंच मिळतं. माहिती अधिकार, कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा, सायबर सुरक्षा असे विषय सगळ्यांना थोडे थोडे कळायला हवे असतात. त्यांसाठी हा रस्ता उत्तम. माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, हे सांगण्यासाठी कोणाला पुण्याला धाडायची गरज नाही.

अडचण वापराची आहे. वरून उद्दिष्ट येतं, कोणत्या विभागाचे किती अभ्यासक्रम पूर्ण झाले याचा तक्ता आढावा बैठकीत पडद्यावर येतो, आणि मग व्हिडिओ टेबलाच्या कोपऱ्यात आवाज बंद करून चालू राहतो. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं शेजाऱ्याकडून. प्रमाणपत्रांचा ढीग वाढतो, नस्तीचा, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीचा, वेग तोच. शिवाय हिंदी-इंग्रजीचा भरणा जास्त. मराठीत टिपणी लिहिणाऱ्या कनिष्ठ सहायकाला त्यातली बरीच उदाहरणं दिल्लीची वाटतात.

म्हणून आकडा मागू नका. महिन्याला एकच अभ्यासक्रम ठरवा, तो कचेरीच्या वेळेत करायला द्या, आणि नंतर त्याच विषयावरची चालू नस्ती समोर ठेवून "आता यात काय करशील?" एवढंच विचारा. शनिवार-रविवारी घरी बसून करा म्हणाल, तर पाच दिवसांच्या आठवड्यावर घाला आला म्हणून कुरबुर होईल, आणि ती रास्त असेल.

टेबलाचा रस्ता

हा रस्ता नवा नाही. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतली बसण्याची व्यवस्था आणि दप्तर यांची मांडणी बदलली. लखीना पॅटर्न म्हणून तो राज्यभर गाजला. सहा गठ्ठे पद्धतही अनेक कचेऱ्यांत रुजली: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं. पुणे विभागात २०१७ च्या सुमारास विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या झिरो पेंडन्सीच्या (एकही प्रकरण तुंबू न देण्याच्या) मोहिमेत हेच गठ्ठे पुन्हा बाहेर निघाले. आपला जिल्हा त्याच विभागात, त्यामुळे त्या काळातली माणसं अजून तुमच्या कचेरीत असतील. शिकवणारे तेच.

नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे गठ्ठे स्वतःच्या हाताने लावायला द्या. कोणता कागद प्रलंबित आणि कोणता प्रतीक्षाधीन, हे ठरवताना त्याला प्रकरण वाचावंच लागतं. आपल्याकडून काम राहिलंय की समोरच्या कार्यालयाकडून उत्तर यायचंय, हा फरक त्यातून कळतो. २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमात कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय. हा नियम भिंतीवरच्या फलकावरून कोणी शिकत नाही. दर सोमवारी कार्यविवरण नोंदवही (टेबलावर आलेल्या-गेलेल्या कागदांची वही) उघडून आठवा दिवस कुठे उलटला ते शोधायला लावलं की आपोआप शिकतो.

मग टिपणी. जुन्या अव्वल कारकुनाने लिहिलेली एक चांगली टिपणी आणि एक ढिसाळ टिपणी शेजारी शेजारी ठेवायची. मागणी काय, नियम काय सांगतो, आधी अशा प्रकरणात काय झालं, आपला प्रस्ताव काय, या क्रमाने नव्याने ती पुन्हा लिहायची. आठवड्यात एकदा, तासभर. पगारी व्याख्याता लागत नाही.

या रस्त्याचे धोके मात्र लपवण्यासारखे नाहीत. जुन्याच्या शेजारी बसलेला नवा, जुन्याच्या खोडीही उचलतो. स्वतःचं मत न देता "निर्णयार्थ सादर" लिहून नस्ती वर ढकलायची, अर्जदाराला एकेका कागदासाठी चार हेलपाटे घालायला लावायचे, हेही शिक्षणच. म्हणून जोडी लावताना सेवाज्येष्ठता बघू नका, नोंदवही बघा.

दुसरा धोका टेबलांच्या राजकारणाचा. कोणतं टेबल बरं आणि कोणतं कोरडं, हे शिपायालाही ठाऊक असतं. फेरबदलाचा आदेश काढला की "साहेबांनी मला हलवलं" अशी कुजबुज होते, कधी संघटनेचं शिष्टमंडळ दारात येतं. यावर उपाय एकच: फेरबदलाचा क्रम वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी जाहीर करायचा आणि त्यातून कोणाला सूट द्यायची नाही. वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्यानुसार मंत्रालयाबाहेरच्या गट-क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात दोन पूर्ण कार्यकाळ, म्हणजे सहा वर्षं राहता येतं. आतल्या आत फिरवलं नाही तर सहा वर्षांनी तो एकाच टेबलाचा जाणकार आणि बाकीच्या कामात नवखा म्हणून पुढच्या तालुक्याला जातो. सगळ्यांना एकाच दिवशी हलवू नका. एका वेळी एक-दोन जण, आणि प्रलंबित प्रकरणांची सही केलेली यादी दिल्या-घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट फक्त याच रस्त्याने साधते. शहरात पूर्व भागातून येणारा वयस्क यंत्रमाग कामगार तेलुगूत बोलतो, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून येणारी आजी कानडीत. खिडकीवर कोणाला बसवायचं हे ठरवताना भाषेचा विचार करा, आणि ज्याला ती येत नाही अशा नव्याला काही दिवस त्याच्या शेजारी बसवा. "निराधार योजनेचे पैसे का थांबले" हे कानडीत समजावून सांगणं कोणत्याही अभ्यासक्रमात सापडणार नाही.

कधी करायचं

इथे बरेच अधिकारी फसतात. मार्चअखेर खर्चाच्या घाईत कोणी शिकत नाही. आषाढीच्या आधी आणि वारीत जिल्ह्याची निम्मी यंत्रणा पंढरपूरच्या कामाला जुंपलेली असते. कार्तिकीला पुन्हा तेच, थोडं कमी. डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नांची माहिती जमवायची, जानेवारीत शहरात गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा, बंदोबस्त. मधेच निवडणूक लागली तर सगळंच बाजूला. परतीच्या पावसाचाही भरवसा नाही: सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याची महसूल आणि कृषीची माणसं पंचनाम्यांत बुडाली होती. उरतो तो एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि ऑगस्ट. पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला एवढ्या फटीतून माणूस काढणं अवघड. आठवड्याच्या एका तासाला मात्र वारीचे दिवस सोडले तर वर्षभर जागा मिळते, आणि एखादा सोमवार बुडाला तरी बिघडत नाही.

शिकणाऱ्याला काय मिळणार

तिन्ही रस्त्यांवर हा प्रश्न येतोच. आश्वासित प्रगती योजनेत पदोन्नती झाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते, त्यासाठी तुमच्या सोमवारच्या तासाला बसावं लागत नाही. पगार वाढवणं तुमच्या हातात नाही. उलट कामाच्या माणसाला शिक्षा मिळते ती अशी: जो शिकला त्याच्याच टेबलावर सगळी अवघड प्रकरणं येतात, आणि थोडं नाव झालं की वरच्या कार्यालयात "कामगिरीवर" उचलला जातो. कचेरीत एकटाच शहाणा तयार केला की हे होणारच. दोघे-तिघे एकदम तयार करा.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, परीक्षा. महसूल सहायकांना दुय्यम सेवा आणि महसूल अर्हता परीक्षा ठरलेल्या संधींत उत्तीर्ण व्हावीच लागते, नाहीतर ज्येष्ठतेला फटका बसतो. आठवड्याच्या तासाचा विषय त्या अभ्यासक्रमाला जोडा, हजेरी घ्यावी लागणार नाही. दोन, कार्यमूल्यमापन अहवाल. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. मग वर्षाच्या शेवटी सगळ्यांनाच "उत्कृष्ट" लिहून मोकळं होण्याऐवजी, ऑक्टोबरातच समोर बसवून "रजा प्रकरणं तुला आता येतात, वेतननिश्चिती अजून कच्ची आहे" असं तोंडावर सांगा.

तांत्रिक खात्यांना माझा हा कल लागू नाही. बांधकाम, जलसंपदा, आरोग्य इथल्या माणसांना नाशिकची अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी, छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) किंवा आपापल्या खात्याची संस्था हवीच. कचेरीतल्या शेजाऱ्याकडून पुलाचं संकल्पन शिकता येत नाही. आणि तुमच्या कार्यालयात तीन-चारच माणसं असतील तर टेबलं फिरवायला टेबलंच नसतात. तिथे शेजारच्या तालुक्याच्या त्याच कार्यालयाशी बोलून महिन्यातून एक दिवस माणसांची अदलाबदल करा, आणि आधी जिल्हा कार्यालयाकडून त्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा, नाहीतर प्रवासभत्त्याचं बिल आक्षेप लागून परत येईल.