बेथलेहेमचा तारा पडताळण्यासाठी स्टेलॅरियम (डेस्कटॉप आवृत्ती)

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मावेळी दिसलेल्या ताऱ्याची गोष्ट आहे. त्या ताऱ्याबद्दल जे दावे होतात, त्यांतले बरेचसे स्टेलॅरियम या कोणत्याही तारखेचं आकाश दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर घरबसल्या पडताळता येतात. मात्र वर्ष नीट टाकायला हवं. बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

एफ६ दाबून जेरुसलेम निवडा आणि स्थानिक मध्यम सौरवेळ लावा. तारीख एफ५ मध्ये. इथे शून्य वर्षही मोजलेलं आहे, म्हणून इ.स.पू. ७ साठी उणे ६ टाकायचं. उणे ७ टाकलं की वर्षभर आधीचं आकाश उघडतं. जुन्या तारखा ज्युलियन पद्धतीच्याच असतात, रूपांतर करत बसू नका. खात्री करायची तर हेरोदाच्या (येशूच्या जन्मावेळच्या यहुदी राजाच्या) मृत्यूशी जोडलं जाणारं चंद्रग्रहण काढा: उणे ३, १३ मार्च, पहाटे तीनच्या सुमारास. खंडग्रास चंद्र दिसला की गाडी रुळावर आहे.

आता इ.स.पू. ७ मधली मीनेतली गुरू-शनीची तिहेरी युती, म्हणजे दोघांचं तीनदा जवळ येणं. मेपासून डिसेंबरपर्यंत '=' कळीने एकेक दिवस पुढे जा. दोघे वक्री होतात (उलटे सरकताना दिसतात), पुन्हा जवळ येतात, पण मधलं अंतर सुमारे एक अंश उरतंच. दोन पूर्णचंद्र मावतील एवढं! एकच झगझगीत तारा म्हणावा असं यात काही नाही. तसं दृश्य उणे १ च्या १७ जूनला सूर्यास्तानंतर पश्चिमेला मिळतं: शुक्र-गुरू एका कलेहूनही (अंशाच्या साठाव्या भागाहूनही) जवळ. अडचण एवढीच, की हे इ.स.पू. २ मधलं, आणि गोष्टीत तारा दिसतो तेव्हा हेरोद जिवंत आहे; बहुतेक इतिहासकार मात्र त्याचा मृत्यू इ.स.पू. ४ मधला धरतात.

वातावरण दाखवणारी 'ए' कळ बंद करू नका. उणे ५ च्या १७ एप्रिलला मेषेत चंद्राने गुरूला झाकलं. वातावरण काढलं की हे पिधान देखणं दिसतं. ठेवलं की कळतं, ते भर दिवसा, सूर्याजवळ घडलं. म्हणजे हे पिधान हाच तो तारा, ही मांडणी डोळ्यांवर नव्हे, ज्योतिषाच्या गणितावर उभी आहे.

आणि इथेच सॉफ्टवेअर तोकडं पडतं. त्यातल्या तारकासमूहांच्या सीमा १९३० साली ठरलेल्या, लहानमोठ्या. बॅबिलोनच्या राशी ३०-३० अंशांच्या. सीमेवरचा ग्रह कोणत्या राशीत, हे पडद्यावरून ठरवू नका. प्राचीन ज्योतिषी टॉलेमीने यहूदिया (जेरुसलेमभोवतालचा प्रदेश) मेषेखाली घातला होता, तेही इथे सापडणार नाही. इ.स.पू. ७ चं बॅबिलोनी मातीच्या पाटीवरचं पंचांग शेजारी ठेवा: त्यात गुरू आणि शनी मीनेत असल्याची नोंद आहे, युतीचा मात्र उल्लेखही नाही.