तयार बोरेट बफर, पीएच ९.३: फिनॉलिक आम्लांसाठी घ्याच

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (केसासारख्या बारीक नळीत व्होल्टेज लावून रेणू वेगळे करायची पद्धत) वनस्पतींच्या अर्कातली फिनॉलिक आम्लं वेगळी करायची असतील, तर ही बाटली घ्याच. ५० मिलिमोलर, गाळून आलेला, थेट व्हायलमध्ये (उपकरणातल्या छोट्या कुपीत) ओतायचा.

आधी मी पीएच ७ चा फॉस्फेट वापरायचे. फेरुलिक आणि कॅफेइक या दोन फिनॉलिक आम्लांचे पीक्स (आलेखावरचे उंचवटे) कायम एकमेकांना चिकटलेले. व्होल्टेज वाढवावं, तर फॉस्फेटमधून इतका करंट जातो की कॅपिलरी आतून तापते आणि पीक्स आणखी पसरतात.

बोरेटवर कॅफेइक मागे राहतं आणि मधे स्वच्छ बेसलाइन दिसते. कॅफेइकच्या वलयावर दोन हायड्रॉक्सिल शेजारी-शेजारी असतात. बोरेट नेमकी ही जोडी धरतो, रेणूवरचा ऋणभार वाढतो, डिटेक्टरकडे वाहणाऱ्या द्रवाच्या उलट दिशेला तो जास्त ओढला जातो आणि म्हणून तिथे उशिरा पोचतो. फेरुलिकमध्ये त्यातल्या एका जागी मेथॉक्सी असल्यामुळे ते बोरेटच्या तावडीत सापडत नाही. हा नुसता पीएच वाढल्याचा परिणाम नाही ना, म्हणून त्याच पीएचला चेस (CHES, बोरेट नसलेला) बफर लावून पाहिला. एवढं अंतर पडलं नाही. श्रेय बोरेटचंच.

डिटेक्शनमध्येही समाधान आहे. ५० मायक्रोमीटरच्या कॅपिलरीत प्रकाशाला वाट मिळते ती जेमतेम तेवढीच, त्यामुळे बफरनेच प्रकाश शोषला तर छोटे पीक्स गोंगाटात बुडतात. बोरेट २०० नॅनोमीटरलाही पारदर्शक राहतो. हेपेस (HEPES) हा दुसरा बफर स्वतःच प्रकाश शोषतो, म्हणून तिथे अजिबात चालत नाही.

लेबलबद्दल मात्र माझी ठाम तक्रार आहे. ५० मिलिमोलर म्हणजे कशाचे? बोरॅक्सचे (टाकणखाराचे) की बोरॉनचे? बोरॅक्सच्या एका रेणूत बोरॉनचे चार अणू असतात, म्हणजे थेट चौपट फरक. त्यावर करंट ठरतो, इलेक्ट्रोऑस्मॉटिक फ्लोचा (व्होल्टेजमुळे नळीतून होणाऱ्या द्रवाच्या प्रवाहाचा) वेग ठरतो. करंट कमी दिसला म्हणून मी बोरॉनचे धरून चालले आहे, पण दुसऱ्या प्रयोगशाळेला पद्धत कळवायची तर अंदाज पुरत नाही. उत्पादकाने एवढं छापायलाच हवं.

दोन्ही टोकांच्या व्हायल थोड्या-थोड्या रननंतर बदला. इलेक्ट्रोलिसिसने त्यांचा पीएच सरकतो आणि पीक्सच्या वेळाही सरकतात. क्वेर्सेटिनसारखे नमुने या अल्कधर्मी बफरमध्ये ताटकळत ठेवू नका, ते ऑक्सिडाइझ होतात. आणि पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर ही बाटली घेऊच नका. बोरेट उडून जात नाही, स्पेक्ट्रोमीटरच्या आयन-स्रोतात (नमुन्याचे आयन बनवणाऱ्या भागात) मीठ साचतं. तिथे अमोनियम ॲसिटेटच हवा.